करारातला ‘पर्यंत’

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित मजकूर)



आजच्या भाषणाचा विषय ऐकून आपल्यापैकी काहींना हसू आलं असेल. मोबाइलची कंपनी बदलताना जुनी कंपनी मुदतीआधी सोडून जाण्याचे जे पैसे मागते, त्यावर कवीनं काय बोलायचं? कवीनं पावसावर बोलावं, आईवर बोलावं. पण आमच्या मोहल्ल्यात बी.ए. झालेला आणि त्यातून मराठीत लिहिणारा माणूस म्हणजे फुकटातला अर्जलेखक. कुणाचं रेशनकार्डावरचं नाव चुकलेलं असतं, कुणाचं विजेचं बिल अवाच्या सवा आलेलं असतं, कुणाची पेन्शन अडलेली असते. गेल्या तीस वर्षांत माझ्या कवितांपेक्षा माझे अर्ज जास्त लोकांनी वाचले आणि कवितांपेक्षा अर्जांना उत्तरंही जास्त आली.

शिवाय हा विषय शेवटी शब्दांचाच आहे. करार, मुदत, रक्कम, बाकी, वसुली, हिशेब, तक्रार, दाद. बघा, या सगळ्या व्यवहारातला एकही शब्द इंग्रजीतून आलेला नाही. हे शब्द अरबी-फारसीतून आले, कागदोपत्री रुळले आणि इतके मराठी झाले की त्यांचं मूळ गाव कुणी विचारत नाही. यातल्या ‘करार’ या शब्दाचा मूळ अर्थ ठरणं, स्थिर होणं. उर्दू शायरीत तो मनाच्या स्वस्थतेसाठी येतो. ती स्वस्थता हरवली की माणूस ‘बेकरार’ होतो. म्हणजे दोघांनी करार करायचा तो दोघांनाही रात्री झोप लागावी म्हणून. आपल्याकडे मात्र पुष्कळदा सही झाली की एकाची झोप पक्की होते आणि दुसरा बेकरार होतो.

आता हे शुल्क आलं कुठून ते पाहू. त्याचं मूळ गाव अमेरिका. तिथं मोबाइल पसरला तो प्रामुख्यानं दोन वर्षांच्या करारावर. कंपनी महागडा हँडसेट अगदी स्वस्तात, कधी फुकटही द्यायची. त्या बदल्यात ग्राहकानं दोन वर्षं तिच्याकडेच राहायचं आणि दरमहा बिल भरायचं. मध्येच सोडलं तर साधारण दीडशे ते दोनशे डॉलर भरायचे. हँडसेटवर सोडलेले पैसे कंपनी महिन्या-महिन्यानं वसूल करत असते, त्यामुळे मध्येच उठून जाणाऱ्यानं राहिलेले पैसे द्यावेत, यात गैर काही नाही. दुकानदारानं उधारीवर कापड दिलं आणि आपण गाव सोडून निघालो, तर उधारी चुकती करूनच निघायला हवं. इथपर्यंत कंपनीचं म्हणणं सरळ आहे.

गाडं अडतं ते पुढे. पहिल्या महिन्यात सोडणाऱ्याला दोनशे डॉलर आणि तेविसाव्या महिन्यात सोडणाऱ्यालाही दोनशेच डॉलर, हा कुठला हिशेब? तेवीस महिने ज्यानं पैसे भरले, त्याच्याकडून हँडसेटची किंमत जवळजवळ वसूल झालेली असते. त्याच्याकडून पुन्हा पूर्ण रक्कम घ्यायची, याला वसुली म्हणत नाहीत. ते दाराला लावलेलं कुलूप असतं. २४ नोव्हेंबर २००३ पासून अमेरिकेतल्या मोठ्या शहरांत तोच नंबर ठेवून कंपनी बदलण्याची सोय सुरू झाली आणि या कुलपाचं महत्त्व एकदम वाढलं. तोवर माणूस नंबरासाठी थांबत असे, आता तो दंडाच्या भीतीनं थांबू लागला.

लोक कोर्टात गेले. कॅलिफोर्नियातल्या अलामेडा काउंटीच्या न्यायालयानं २००८ मध्ये स्प्रिंट या कंपनीचं असं सरसकट शुल्क तिथल्या कायद्याविरुद्ध ठरवलं. कंपनीचा बचाव असा होता की हा दंडच नाही. ग्राहकापुढे दोन रस्ते होते, दोन वर्षं राहणं किंवा पैसे भरून जाणं, आणि त्यानं दुसरा निवडला. न्यायालयानं हा युक्तिवाद मानला नाही. ग्राहक गेल्यानं आपलं नुकसान किती होईल याचा अंदाज बांधून ही रक्कम ठरवलेली नव्हती, ग्राहकानं जाऊच नये हा तिचा मुख्य हेतू होता, असा त्या निकालाचा रोख होता. वरच्या न्यायालयानं २०११ मध्ये शुल्काबाबतचा निष्कर्ष कायम ठेवला. मात्र ग्राहकांनी करार मोडल्यामुळे खरोखर झालेलं नुकसान मागण्याचा कंपनीचा रस्ता त्यांनी बंद केला नाही. ही दुसरी बाजू लक्षात ठेवा. न्याय म्हणजे कंपनीला शून्य आणि ग्राहकाला सगळं, असा नव्हे. ज्याचं जेवढं गेलं तेवढंच त्यानं मागावं.

या सुमारास तिथल्या कंपन्या दरमहा थोडं थोडं कमी होणारं शुल्क लावू लागल्या होत्या. त्यातही गंमत होती. २००९ च्या नोव्हेंबरात व्हेरायझन या कंपनीनं भारी फोनांसाठी हे शुल्क ३५० डॉलर केलं आणि ते महिन्याला १० डॉलरनं कमी होईल असं सांगितलं. आता आपणच गणित करा. तेवीस महिने पूर्ण झाले की कमी झाले २३० डॉलर. उरले १२०. मुदत संपायला एक महिना राहिला असताना १२० डॉलर कशाचे? तिथल्या सरकारी दळणवळण आयोगानं पुढच्याच महिन्यात कंपनीला याबद्दल विचारणा केली. मग स्पर्धेनं काम केलं. २०१३ मध्ये टी-मोबाइलनं वर्षावर्षाचे करारच बंद केले आणि जानेवारी २०१४ मध्ये ‘दुसऱ्या कंपनीचं सोडण्याचं शुल्क आम्ही भरतो, तुम्ही आमच्याकडे या’ अशी योजना आणली. हळूहळू दोन वर्षांचे करार मागे पडले आणि त्यांच्या जागी हँडसेटचे उघड हप्ते आले. हप्ता गोड नसतो, पण तो मोजता तरी येतो.

तुम्ही म्हणाल, अमेरिकेची कहाणी आम्हाला कशाला? आपल्याकडे बहुतेकांचा फोन प्रीपेड. आधी पैसे भरायचे, मग बोलायचं. रिचार्ज संपला की नातं संपलं. हे बऱ्याच अंशी खरं आहे आणि प्रीपेडवाल्यांनी त्याबद्दल आनंद मानावा. पण पोस्टपेड आहे, हँडसेटसकट दिलेल्या योजना आहेत, घरात वाय-फायचं यंत्र ‘फुकट’ बसवून वर्षभर बांधून घेणारे आहेत. तिथं हा प्रश्न जसाच्या तसा उभा राहतो.

आपल्याकडे तोच नंबर ठेवून कंपनी बदलण्याची सोय प्रथम हरियाणात २५ नोव्हेंबर २०१० ला आणि देशभर २० जानेवारी २०११ ला सुरू झाली. ३ जुलै २०१५ पासून एका परिमंडळातून दुसऱ्या परिमंडळात जातानाही नंबर सोबत नेता येऊ लागला. आपल्या राज्यात अशी दोन परिमंडळं आहेत. एक मुंबईचं आणि दुसरं उरलेल्या महाराष्ट्राचं, त्यात गोवाही येतो. बदलण्याचा खर्च अगदी किरकोळ. सुरुवातीला १९ रुपये होता, डिसेंबर २०१९ पासून ६ रुपये ४६ पैसे झाला. चहाच्या कपाएवढ्या पैशात माणसाला स्वातंत्र्य मिळालं.

पण नियमात एक बारीक कलम आहे. ग्राहकानं कंपनीशी केलेल्या करारात सोडून जाण्याची काही अट असेल आणि ती त्यानं पूर्ण केली नसेल, तर त्याचा नंबर अडवता येतो. नियम करणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता. उधारी बुडवून कुणी पळू नये, एवढाच असणार. पण सोडून जाण्याची अट न्याय्य आहे की नाही, मागितलेली रक्कम बरोबर आहे की नाही, हे या कलमात कोण बघणार? पहिल्या पायरीवर बघणारी असते तीच कंपनी, जिला तुम्ही सोडून चाललेला असता.

आमच्या मिरजेतलं एक प्रकरण सांगतो. मिरज सतार आणि तंबोऱ्यासाठी प्रसिद्ध आहे, हे आपण जाणताच. २०२४ मध्ये इथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. हे काम पिढ्यान्‌पिढ्या करणारी घरं आमच्या शेजारीच आहेत. त्यातला एक कारागीर, माझ्यापेक्षा वयानं लहान, मला ‘भाई’ म्हणतो. त्यानं एका कंपनीची पोस्टपेड योजना घेतली होती. कंपनीचं नाव घेत नाही, कारण मुद्दा नावाचा नाही. योजनेत त्याला बाजारभावापेक्षा ६,००० रुपये कमी देऊन हँडसेट मिळाला. अट एकच, २४ महिने कंपनी सोडायची नाही. तो नियमानं बिल भरत होता. दरम्यान त्यानं कारखाना बाजारातल्या गल्लीतून उचलून जुन्या घराच्या मागच्या खोलीत आणला. दगडी भिंती, खाली भोपळे रचलेले, वर लाकडं टांगलेली. तिथं त्या कंपनीचा सिग्नलच पोचेना. फोन करणाऱ्याला ‘संपर्क क्षेत्राच्या बाहेर’ असं ऐकू यायचं. शेजारच्या मुलाच्या हातातल्या दुसऱ्या कंपनीच्या फोनला मात्र तिथंच सिग्नलच्या सगळ्या काड्या दिसायच्या.

हे २०१८ सालचं. त्यानं १९०० या क्रमांकावर संदेश पाठवला, आठ अक्षरांचा कोड आला, नव्या कंपनीच्या दुकानात अर्ज दिला. चार दिवसांत नकार आला. कारण काय, तर करारातल्या अटींची पूर्तता बाकी. जुन्या कंपनीला फोन केला तेव्हा कळलं, ६,००० रुपये भरा आणि जा. तेव्हा त्याचे १७ महिने पुरे झाले होते.

तो माझ्याकडे आला तेव्हा मी त्याला सहज विचारलं, ‘‘अरे, नवीन नंबर घे की दुसऱ्या कंपनीचा. एवढी मारामारी कशाला?’’ तो म्हणाला, ‘‘भाई, नंबर गया तो धंदा गया. हर तंबोऱ्यावर चिठ्ठी चिकटवलीय, तिच्यावर हा नंबर आहे. एक तंबोरा धारवाडला आहे, एक पुण्याला, दोन कोलकात्याला. जवारी बिघडली की ते लोक चिठ्ठी बघून फोन करतात. त्या चिठ्ठ्या मी कशा बदलू?’’

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. तंबोरा पन्नास-पन्नास वर्षं वाजतो. माणसाचा पत्ता बदलतो, दुकान बदलतं, पण वाद्याच्या पाठीवरची चिठ्ठी तशीच असते. त्याचा नंबर म्हणजे त्याची पाटी होती. मैफलींचे दिवस होते, त्या दोन महिन्यांत किती फोन येऊन परत गेले, हे त्याला कधीच कळणार नाही. न लागलेल्या फोनचा हिशेब कुठल्या वहीत लिहायचा? कंपनीनं स्वतःच्या नुकसानीची किंमत करारात आधीच छापून ठेवली होती. ग्राहकाच्या नुकसानीसाठी त्या कागदावर एक ओळसुद्धा नव्हती.

आम्ही अर्ज लिहायला बसलो. मी त्याला सांगितलं, रागाचं एकही वाक्य लिहायचं नाही. ‘ग्राहकांची लूट’ वगैरे शब्द भाषणात शोभतात, अर्जात ते जागा अडवतात. आपण फक्त प्रश्न विचारायचे. पहिला प्रश्न, मी सही केलेल्या कराराची नक्कल मिळेल का? दुसरा, ६,००० ही रक्कम कशी काढली? तिसरा, १७ महिन्यांत भरलेल्या बिलांतून हँडसेटची किती रक्कम वसूल झाली? आणि चौथं, प्रश्न नव्हे पण निवेदन. वाद फक्त या रकमेबद्दल आहे, महिन्याचं बिल मी वेळेवर भरत आहे आणि भरत राहीन.

हे चौथं वाक्य महत्त्वाचं. पुष्कळ लोक रागाच्या भरात सगळंच बिल भरायचं थांबवतात. मग कंपनी म्हणते, हा थकबाकीदार. तुमचा खरा मुद्दा थकबाकीच्या ढिगाखाली गाडला जातो. नंबर नव्या कंपनीकडे गेल्यावरसुद्धा जुनी थकबाकी भरली नाही, तर जुनी कंपनी नियमानुसार तो नंबर बंद करायला लावू शकते. म्हणून जेवढं वादातीत आहे तेवढं भरा आणि जेवढं वादातलं आहे त्याबद्दल लिहा.

पहिल्या तक्रारीला उत्तर आलं ते साचेबंद. ‘आपली रक्कम प्रणालीनुसार योग्य आहे.’ फोनवरची मुलगी अतिशय सौजन्यानं बोलली, पण तिच्यापुढच्या पडद्यावर जेवढं होतं तेवढंच ती बोलू शकत होती. तिच्यावर चिडण्यात अर्थ नव्हता. आम्ही तक्रारीचा क्रमांक लिहून घेतला आणि कंपनीच्याच अपील अधिकाऱ्याकडे गेलो. दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या, म्हणजे ट्रायच्या २०१२ च्या नियमांनुसार प्रत्येक कंपनीत या दोन पायऱ्या असाव्याच लागतात. पहिली तक्रार केंद्राची, दुसरी अपिलाची. अपिलाचा निकाल ३९ दिवसांत द्यावा लागतो. कंपनीच्या दुकानात ही दुसरी पायरी कुणी आपण होऊन सांगत नाही. पण जिन्याला दुसरी पायरी आहे हे माहीत असलेला माणूस पहिल्या पायरीवरून परत फिरत नाही.

अपिलानंतर कराराची नक्कल आली. इंग्रजीत, मुंगीच्या पायांएवढी अक्षरं. मी चष्म्यावर भिंग धरून वाचत गेलो. त्यात ते वाक्य सापडलं. मुदतीआधी सोडल्यास कंपनी ‘सहा हजार रुपयांपर्यंत’ शुल्क आकारू शकेल. ‘पर्यंत’! मी त्या कारागिराला म्हणालो, ‘‘बघ, तुझ्याकडून सहा हजार घेता येतील असं इथं लिहिलेलं नाही. सहा हजारांच्या वर जाता येणार नाही, असं लिहिलंय.’’ छत आणि फरशी यांत फरक असतो. कंपनीनं छत दाखवून फरशी आहे असं सांगितलं होतं.

मग गणित सोपं होतं. ६,००० रुपयांची सूट, २४ महिने. महिन्याला २५० रुपये. १७ महिन्यांत वसूल झाले ४,२५०. राहिले सात महिन्यांचे १,७५०. आम्ही हेच चार ओळींत लिहून पाठवलं आणि म्हटलं, हे १,७५० रुपये भरायला मी आज तयार आहे, यापेक्षा जास्त नुकसान झालं असेल तर त्याचा हिशेब द्यावा. हिशेब आला नाही. तीन आठवड्यांनी १,७५० रुपयांचं सुधारित बिल आलं. त्यानं त्याच दिवशी पैसे भरले. फुकट सोडा, असं तो एकदाही म्हणाला नव्हता. पुन्हा अर्ज केला आणि नंबर नव्या कंपनीत गेला.

आता कुणी विचारेल, करारात ‘पर्यंत’ हा शब्द नसता तर? सरळ ‘६,००० रुपये’ असंच छापलेलं असतं तर? श्रोतेहो, मला आज मुख्यतः हेच सांगायचं आहे. तो शब्द करारात नसला तरी आपल्या कायद्यात आहे, आणि तो १८७२ सालापासून आहे. भारतीय करार कायद्याचं ७४ वं कलम काढून बघा. करार मोडल्यास अमुक रक्कम द्यायची असं करारात लिहिलेलं असलं, तरी दुसऱ्या पक्षाला मिळते ती वाजवी भरपाई आणि ती लिहिलेल्या रकमेपेक्षा जास्त असू शकत नाही, असा त्याचा आशय आहे. म्हणजे छापलेली रक्कम ही किंमत नसते, कमाल मर्यादा असते. सर्वोच्च न्यायालयानं फतेहचंद विरुद्ध बालकिशनदास या खटल्यात १९६३ मध्ये हे कलम उलगडून सांगितलं आणि २०१५ मध्ये कैलासनाथ असोसिएट्सच्या खटल्यात पुन्हा स्पष्ट केलं की ही भरपाई नुकसानीची असते. नुकसानच झालं नसेल तर भरपाई कशाची? आणि नुकसान मोजता येण्याजोगं असेल, तर ते दाखवलं पाहिजे. त्या खटल्यांत जमिनीचे व्यवहार होते, मोबाइल नव्हता. पण तत्त्व तेच. बंगल्याच्या व्यवहाराला जो न्याय, तोच तंबोरेवाल्याच्या फोनला.

अमेरिकेतल्या ग्राहकांना जे २००८ मध्ये भांडून मिळालं, त्याचं बीज आपल्या कायद्यात सव्वाशे वर्षांहून अधिक काळ पडून होतं. आपण ते वापरत नाही, कारण समोरचा माणूस छापील कागद दाखवतो आणि छापील कागदापुढे आपली मान आपोआप झुकते. लेखी ते खरं, असं आपल्याला लहानपणापासून शिकवलेलं असतं.

२०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं, जो जुलै २०२० मध्ये लागू झाला, आणखी एक पाऊल टाकलं. ‘अनुचित करार’ अशी एक व्याख्याच त्यात आली. करार मोडल्यामुळे झालेल्या नुकसानीशी मुळीच प्रमाणात नसलेला दंड ग्राहकावर लादणं हे अनुचित कराराचं एक लक्षण मानलं गेलं. वाजवी कारणाशिवाय एकाच पक्षाला करार संपवण्याचा अधिकार देणं हे दुसरं. करारच अनुचित आहे अशी तक्रार राज्य आयोगाकडे करावी लागते. सेवेतल्या त्रुटीची, चुकीच्या वसुलीची तक्रार जिल्हा आयोगाकडे करता येते. पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला जिल्हा आयोगात शुल्क नाही. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जावं लागतं.

इथं एक गैरसमज दूर करायला हवा. अजूनही काही दुकानांत, काही वकिलांच्या कचेऱ्यांतही ऐकू येतं की टेलिफोनच्या तक्रारी ग्राहक आयोगात चालत नाहीत. याला इतिहास आहे. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा एक निकाल आला होता. १८८५ च्या तार कायद्यात टेलिफोनच्या वादांसाठी लवादाची सोय असल्यानं ग्राहक मंचाकडे जाता येणार नाही, असं त्यात म्हटलं होतं. त्या आधारावर कितीतरी लोकांना परत पाठवलं गेलं. पण फेब्रुवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंच स्पष्ट केलं की दूरसंचार कंपनीविरुद्ध ग्राहकाला ग्राहक आयोगाकडे जाता येतं. तेव्हा ‘तिकडं तुमचं चालणार नाही’ असं कुणी म्हणालं, तर हे वर्ष सांगा.

आणि ट्राय? ट्राय नियम करते, पण एकेका ग्राहकाची तक्रार सोडवत नाही. तिच्याकडे पत्र पाठवून वाट बघत बसू नका. आधी कंपनीचं तक्रार केंद्र, मग कंपनीचा अपील अधिकारी. मदत लागली तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, आणि शेवटी आयोग.

डिसेंबर २०१९ पासून नंबर बदलण्याची पद्धतही थोडी बदलली आहे. आता अटी आधी तपासल्या जातात आणि सगळं ठीक असेल तरच १९०० वर पाठवलेल्या संदेशाला कोड येतो. ९० दिवस त्या कंपनीत झालेले हवेत, पोस्टपेडचं निघालेलं बिल भरलेलं हवं आणि करारातली सोडण्याची अट पुरी झालेली हवी. काही अडलेलं असेल तर कोडऐवजी कारण येतं. कोड बहुतेक राज्यांत चार दिवस चालतो. परिमंडळ तेच असेल तर तीन, बदलत असेल तर पाच कामाच्या दिवसांत नंबर हलतो. माझं सांगणं एवढंच की तो कारणाचा संदेश पुसून टाकू नका. तो तुमच्या तक्रारीचा पहिला कागद आहे. ‘करारातली अट’ असं कारण आलं की लगेच विचारा, कुठली अट, कुठल्या पानावर, रक्कम किती आणि ती कशी काढली?

आणि सही करण्याआधी दुकानातच दोन प्रश्न विचारा. मध्येच सोडलं तर किती द्यावं लागेल? आणि ती रक्कम दरमहा किती कमी होत जाईल? विकणाऱ्या मुलाला उत्तर माहीत नसेल तर त्याला वरिष्ठांना विचारू द्या. पाठीमागे रांग असेल, तर असू द्या. दोन वर्षांच्या कराराला दोन मिनिटं देणं म्हणजे काही फार नव्हे.

मला कुणी म्हणालं होतं, एवढ्या पैशांसाठी कोण दोन महिने कागद रंगवत बसेल? खरं आहे, बहुतेक जण बसत नाहीत. त्या रकमेचं सामर्थ्य तिथंच आहे. ती इतकी मोठी नसते की वकील करावा, आणि इतकी लहानही नसते की चटका बसू नये. मधल्या त्या जागेत आपली चीड विझून जाते आणि दुसऱ्याची तिजोरी भरते. आमच्या तंबोरेवाल्याचे वाचले ४,२५० रुपये. त्याच्या घरी तेव्हा महिन्याचा किराणा त्याहून कमी पैशांत यायचा. कुणासाठी ती रक्कम किरकोळ असेल. म्हणून ती किरकोळ ठरवण्याचा हक्क दुसऱ्याला देऊ नये.

शेवटी पुन्हा माझ्या धंद्याकडे, म्हणजे शब्दांकडे येतो. ‘तक्रार’ या शब्दाचा अरबीतला अर्थ आहे पुन्हा पुन्हा करणं. मराठीत येताना त्याचा अर्थ गाऱ्हाणं झाला, पण जुना अर्थ विसरायला नको. एकदा सांगितलं ते गाऱ्हाणं. तारीख घालून, क्रमांक घालून, शांतपणे पुन्हा सांगितलं तर ती तक्रार. आणि ‘दाद’ हा फारसी शब्द. त्याचा मूळ अर्थ न्याय. मुशायऱ्यात आम्ही शेर वाचतो आणि दाद मागतो, कचेरीत ग्राहक अर्ज देतो आणि दाद मागतो. मुशायऱ्यातली दाद कुणाच्या मर्जीवर असते, ती मिळाली नाही तर कवीनं घरी जावं. कचेरीतली दाद मात्र मर्जीची नसते. ती कायद्यानं आपल्या नावावर लिहून ठेवलेली आहे. मागणारा मात्र हवा.